धागा लांब, नजर आखूड

मंडळी, मी मराठी शिकवणारी बाई. विज्ञानाच्या तासाशी माझा संबंध शेजारच्या वर्गातून ऐकू येणाऱ्या आवाजापुरताच. पण निवृत्तीनंतर वेळ भरपूर, आणि कुतूहलाला वय नसतं. सध्या कापसाबद्दल जे मिळेल ते वाचते आहे.

कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी, हे तुम्हाला ठाऊक होतं? फूल उमलतं त्या सुमारास सरकीच्या सालीवरची पेशी वाढू लागते. तीनेक आठवडे ती नुसती लांब होत जाते. मग आतून सेल्युलोजचे थर चढतात. बोंड फुटलं की ही नळी वाळते, चपटी होते आणि पीळ खाते. त्या पिळामुळेच तंतू एकमेकांना धरून राहतात आणि सूत निघतं. लांबी पहिल्या टप्प्यात ठरते, मजबुती दुसऱ्या. थोडं श्रेय पाण्या-हवेचं, पण मूळ मर्यादा वाणाच्या जनुकांची.

जगात लागवडीचा कापूस चार जातींचा. आर्बोरियम आणि हर्बेशियम हे आपले देशी, त्यांची गुणसूत्रं २६. हिर्सुटम आणि बार्बाडेन्स हे अमेरिका खंडातले, त्यांची ५२. भारतात चारही पिकतात. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे बहुतांश शेतात देशी कापूसच होता. मग गिरण्यांना लांब धागा हवा झाला. १९७० मध्ये गुजरातेत एच-४ हा संकरित वाण आला, २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली, आणि देशी पऱ्हाटी बांधापलीकडे गेली.

देशी म्हणजे सर्वगुणसंपन्न असं मी म्हणणार नाही. बोंड लहान, आणि फुटल्यावर कापूस पटकन गळतो, म्हणून वेचणीची घाई. पण ती कमी पाण्यावर तग धरते, रसशोषक किडींना सहज बळी पडत नाही, आणि बी घरचं ठेवता येतं. संकरित बियाण्याची पिशवी मात्र दरवर्षी विकत.

माझं म्हणणं एवढंच, की एका मोजपट्टीवर पीक निवडणं धोक्याचं आहे. जवळजवळ सगळीकडे एकाच प्रकारचं संरक्षण पेरलं, तेव्हा गुलाबी बोंडअळी त्याला सरावली. २०१७ साली विदर्भाने त्याची किंमत मोजली. देशी कापसालाही ही अळी लागते. पण सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत, हे कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

आणि आखूड धागा म्हणजे टाकाऊ, हेही खरं नाही. ढाक्याची जगप्रसिद्ध मलमल आखूड धाग्याच्या देशी कापसाचीच होती. दवाखान्यातल्या कापसालाही देशी रुई चालते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर लांब धाग्याचे देशी वाणही काढले. म्हणजे देशी कापूस आखूडच असतो, असंही नाही.

असे वाण नुसते संशोधन केंद्राच्या शीतपेटीत जपून भागणार नाही. ते शेतात उभे राहायला हवेत, आणि त्यासाठी बाजारात त्यांना वेगळा, रास्त भाव हवा. भाव नसेल तर शेतकऱ्याने कशाच्या जोरावर पेरावं? त्याला नुसता उपदेश करणं आम्हा मास्तर लोकांना सोपं असतं!

असो. तुमच्या गावाकडे कुणी अजून देशी कापूस लावत असेल, तर जरूर कळवा. सरकी मिळाली तर कुंडीत लावून बघेन म्हणते.