नावे ठेवली, गवत राहिले

मृगाच्या सरी कोसळून गेल्या की महाराष्ट्रातील पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा आणि शेतांचे बांध हिरवे होतात. दुरून हे दृश्य सुखावह वाटते. जवळ गेल्यावर ध्यानात येते की, ही हिरवळ गुराढोरांच्या उपयोगाची नाही. गाजरासारखी पाने आणि बारीक पांढरी फुले मिरवणारे गाजरगवत तेथे माजलेले असते. जेथे एके काळी गुरे चरत, तेथे आज गुरे तोंड घालीत नाहीत.

ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. पुण्यात १९५५ साली ती आढळली आणि पुढील वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद प्रसिद्ध झाली. त्यानंतर काही दशकांतच तिने जवळजवळ सारा देश व्यापला. एकेक रोप हजारो बिया धरते. तिच्यातील विषारी द्रव्यामुळे शेजारच्या पिकांची वाढ खुंटते, माणसांना त्वचारोग आणि दम्याचा त्रास होतो आणि चाऱ्यातून ती पोटात गेली तर जनावरांचे दूध कडू होते. मायभूमीत तिला आवर घालणारे कीटक आणि रोग आहेत. येथे ती मोकाट सुटली.

समाजाने या आक्रमणाला पहिले उत्तर दिले ते एका नावाने. गावोगाव हे ‘काँग्रेस गवत’ म्हणून ओळखले जाऊ लागले. तत्कालीन शासनाने पी. एल. ४८० योजनेखाली अमेरिकेतून गहू आणला आणि त्याबरोबर हे बी आले, अशी लोकांची पक्की समजूत आहे. परक्या धान्यावर पोसल्या जाणाऱ्या राष्ट्राची सारी मानहानी त्या दोन शब्दांत साठली आहे. परंतु सत्याची चाड असणाऱ्याने तारखाही पाहिल्या पाहिजेत. त्या योजनेचा भारताशी पहिला करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे पुण्यात हे गवत आढळल्यानंतर. अमेरिकी गहू १९५१ मध्येही आला होता, त्यामुळे गव्हाबरोबर बी आल्याची शक्यता उरतेच. मात्र एका योजनेच्या वा एका पक्षाच्या माथी सारा दोष मारण्याइतका हा पुरावा भक्कम नाही. शिवाय त्यानंतर देशात आणि राज्यात अनेक सत्तांतरे झाली. सरकारे गेली, गवत राहिले.

केवळ परके म्हणून ते वाईट, असेही नव्हे. मिरची आणि बटाटा हीदेखील अमेरिका खंडातीलच. आज त्यांच्यावाचून मराठी स्वयंपाकघराचे पान हलत नाही. उपवासाच्या ताटातही बटाट्याला मानाचे स्थान आहे. उलट घाणेरी बागेची शोभा म्हणून हौसेने आणली गेली आणि तिने जंगले गिळली. फुलांच्या मोहाने आणलेल्या जलपर्णीने नद्या-तलावांचा श्वास कोंडला. दोष परकेपणात नाही, अनिर्बंध फैलावात आहे. आणि तो वेळीच न ओळखणाऱ्या समाजाच्या गाफीलपणात आहे. आधी स्वागत, मग दुर्लक्ष आणि शेवटी शिव्याशाप, असाच हा क्रम सर्वत्र दिसतो.

इथिओपियातील शेतकऱ्यांनी याच गवताला ‘सही कर आणि जमीन सोड’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात अमेरिकेतून आलेल्या कुरणाच्या बियाण्यातून ते पसरल्याचे मानले जाते. तेथे मात्र नावापाशी न थांबता कायदा झाला आणि बाधित भागातून येणारी वाहने व यंत्रे धुण्यासाठी जागोजाग केंद्रे उभारली गेली. बी चाकांच्या चिखलातून प्रवास करते, एवढी साधी गोष्ट त्या समाजाने मनावर घेतली.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९८३ मध्ये शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून या गवतावर जगणारा भुंगेरा आणला, त्याची कसून परीक्षा केली आणि पुढील वर्षी बंगळूरच्या परिसरात तो सोडला. पावसाळ्यात हा भुंगेरा पाने फस्त करतो. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर जागृती सप्ताह पाळला जातो. परंतु सप्ताह सरला की उत्साहही सरतो. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तो आपले शेत स्वच्छ करतो. गायरान, रेल्वेची हद्द, ओसाड भूखंड यांना वाली नसतो. गाजरगवताची राजधानी नेमकी तेथेच वसते.

जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, ही वृत्ती हे खरे तण होय. त्यावर उपाय अवघड नाही. फुलोरा येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून आणि नाक-तोंड झाकून हे गवत मुळासकट उपटता येते. फुलाआधी काढलेल्या रोपांचे कंपोस्ट खतही होते. मोकळ्या झालेल्या जागी टाकळा पेरला तर तो गाजरगवताला डोके वर काढू देत नाही, आणि त्याची कोवळी भाजी घरातही येते. मात्र मातीत पडलेले बी वर्षानुवर्षे टिकते, म्हणून हे काम एका रविवारचे नव्हे. गावातील तरुण मंडळाने, शाळेने, गृहनिर्माण संस्थेने एकेक पडीक तुकडा निवडावा आणि सलग काही पावसाळे तो सोडू नये.

शत्रूला नाव देऊन राग शमतो. भूमी मुक्त होत नाही. त्यासाठी वाकावे लागते आणि हात मातीत घालावे लागतात.