शेजाऱ्याच्या दप्तरातला इतिहास

शेजारी राष्ट्रांतील कुमारवयीन मुलांना समान मूल्यांचे आणि नागरिकत्वाचे शिक्षण द्यावे, असा ठराव ज्या शिक्षणपरिषदेत होत नाही अशी परिषद विरळाच. आणि त्या ठरावाचे पुढे जे व्हायचे तेही बहुधा ठरलेलेच असते. शांतता, सहिष्णुता, बंधुभाव अशा सद्गुणांची एक याद तयार होते, ती पाठ्यपुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात दाखल होते, आणि नववीतली मुले सार्कचे मुख्यालय काठमांडूला आहे या रिकाम्या जागेच्या उत्तराबरोबर तीही घोकून मोकळी होतात. उपदेश कोणता आणि विषय कोणता हे त्या वयाला आपल्यापेक्षा लवकर उमगते. माझे मत विचाराल तर शेजारधर्माचा पाठ सलोख्यापासून नव्हे, भांडणापासूनच सुरू केला पाहिजे.

फ्रान्स आणि जर्मनीचेच पाहा. १८७१ साली फ्रान्सने जर्मनीपुढे हार खाऊन आल्सेस आणि लॉरेनचा काही मुलूख गमावला, तेव्हा ते दुःख फ्रेंच वर्गांतून पद्धतशीर जोपासले गेले. आल्बेर बेतानिए या चित्रकाराचे १८८७ चे एक चित्र आहे: भिंतीवर फ्रान्सचा नकाशा, त्यात गेलेला प्रदेश काळा रंगवलेला, मास्तरांची छडी नेमकी त्या डागावर टेकलेली आणि समोर तो डाग डोळ्यांत साठवणारा विद्यार्थी. असल्या वर्गांतून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी पुढे काय भोगले ते सांगावयास नको. ते चित्र आज बर्लिनच्या इतिहाससंग्रहालयात आहे, आणि ज्यांच्याविरुद्ध ते काढले त्यांनीच ते जतन करावे, यात त्या दोन देशांच्या पुढच्या वाटचालीचा बराचसा वृत्तांत आला.

ही वाटचाल आपोआप झाली नाही. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर यांनी २२ जानेवारी १९६३ रोजी पॅरिसमध्ये जो तह केला, त्याच्या पाठोपाठ त्याच वर्षी दोन्ही देशांतील तरुणांची जा-ये वाढविण्यासाठी एक संयुक्त कार्यालय स्थापन झाले. तहाच्या चाळिसाव्या वर्षी, २००३ साली, बर्लिनमध्ये भरलेल्या युवासंसदेत उभय देशांच्या विद्यार्थ्यांनीच मागणी केली की आम्हाला इतिहासाचे एकच पुस्तक द्या. आणि २००६ मध्ये पॅरिसच्या नातां व जर्मनीच्या क्लेट या प्रकाशनसंस्थांनी पानाला पान जुळणारे असे पुस्तक दोन भाषांत काढले, ज्याचे पुढचे भाग २००८ आणि २०११ मध्ये आले. गंमत अशी की युद्धांपेक्षाही लेखकांचे अधिक वाजले ते महायुद्धोत्तर अमेरिकेचे मूल्यमापन कसे करावे यावर. जेथे एकवाक्यता झाली नाही, तेथे मतभेद झाकून न ठेवता दोन्ही दृष्टी विद्यार्थ्यांपुढे मांडाव्यात हेच या उपक्रमाचे खरे मर्म. पुस्तक फारशा शाळांत लागले नाही हेही सांगितले पाहिजे. जर्मनीच्या सोळा राज्यांचे अभ्यासक्रम सोळा, तेथे एका पुस्तकाची डाळ शिजणे कठीणच.

आपल्याकडे सार्कची सनद १९८५ साली ढाक्यात झाली, आणि तिच्या दहाव्या कलमाने द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेतून वगळले आहेत. मुत्सद्द्यांच्या मसलतीस ही सावधगिरी कदाचित शोभेल. शाळेने मात्र ती उचलू नये, कारण वाद वगळला की वर्गात उरते ती ती पाठ केलेली याद.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर उदाहरण घरातलेच आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या आणि १७५१ च्या तहाने ओडिशाचा महसूल व बारा लाखांची चौथाई पदरात पडली, हा मजकूर आपण अभिमानाने वाचतो, आणि वाचावा. परंतु त्याच वेळी गंगाराम नावाचा बंगाली कवी 'महाराष्ट्रपुराण' लिहीत होता, आणि त्यात गावे जाळणारे, रुपयांसाठी रयतेचे हाल करणारे जे स्वार येतात ते आपलेच आहेत. त्यांच्या धास्तीने भागीरथीच्या पश्चिमेची माणसे नदी ओलांडून पूर्वेकडे पळाली. कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला, जेथवर मराठे कधी पोहोचलेच नाहीत. आमचे बारगीर तिकडे 'बर्गी' झाले, आणि त्यांचे भय व खंडणीची विवंचना ज्या अंगाईत आहे ती पश्चिम बंगालप्रमाणेच बांगलादेशातही मुलांना झोपवताना अजून म्हटली जाते. नागपूरच्या मुलाला हे कोणी सांगत नाही.

यावर कोणी म्हणेल, की अशाने मुलांचा स्वाभिमान खचेल. मला तसे वाटत नाही. ढाक्याच्या विद्यार्थ्यानेही दुसरी बाजू वाचावीच: १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने बोलण्यांसाठी म्हणून रघूजींचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांना मानकरा येथे बोलावले आणि सरदारांसह त्यांना दग्याने मारले. दोघांच्या हाती दोन्ही कागद आले, म्हणजे वारसा सांगताना जबाबदारी कोणती आणि पुरावा कशाला म्हणावे, हे नागरिकत्वाचे प्रश्न त्यांचे तेच विचारू लागतील. राज्यशास्त्राच्या पुस्तकात ते स्वतंत्र छापण्याची गरजही उरणार नाही.

संयुक्त पुस्तकाची वाट पाहात बसलो तर उपखंडातील आजच्या हवेत आणखी दोन पिढ्या जातील. पण गंगारामाच्या काव्याचे इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे, मराठी साधने तर आपल्या ग्रंथालयांतच आहेत, आणि दोन्हींतला एकेक उतारा फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिण्यास एक तास पुरतो, त्यासाठी शासननिर्णय लागत नाही. नववीच्या इतिहासशिक्षकांनी येत्या सत्रात तेवढा तास काढावा, आणि मुलांनी काय विचारले ते मला जरूर लिहून कळवावे.