बोळांचा कैवार

आमच्या भिवंडीतील एका प्रतिष्ठित गृहस्थांनी परवा एका बैठकीत असे ठासून सांगितले की, यंत्रमागांच्या वस्तीतील पडीक बोळ स्वच्छ करून तेथे दिवे लावणे, ओटे बांधणे आणि एखादे झाड लावणे हा निव्वळ द्रव्याचा अपव्यय होय. बोळ असतो तो माल नेण्या-आणण्यासाठी. तेथे बसण्याची सोय केली की रिकामटेकडे जमतात, रिकामटेकडे जमले की तंटे होतात, आणि भिवंडीत तंटा कोठवर जातो हे सर्वांस ठाऊक आहे. भाषणास टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांनीच मला हा लेख लिहावयास भाग पाडले.

किरकोळ आक्षेप आधी निकालात काढतो. पैसा नाही म्हणावे, तर बोळातील उघडे गटार झाकण्याचे काम आज ना उद्या करावेच लागणार आहे. हातगाडीची वाट अडेल म्हणावे, तर ती आजच कचऱ्याने, मोडक्या बीमांनी आणि चिंध्यांच्या गाठोड्यांनी अडलेली आहे. आगीचा बंब आणि रुग्णवाहिका यांना मोकळी वाट हवी, हे मात्र मला पूर्ण मान्य आहे. 2020 च्या सप्टेंबरात पटेल कंपाउंडमधील इमारत कोसळून पस्तीसहून अधिक माणसे दगावल्याचे ज्या शहराने पाहिले, तेथे याविषयी दुमत असूच नये. बोळातील भंगार हलविले तर ही वाटही मोकळीच होईल.

परंतु 'रिकामटेकडे' हा शब्द मी सहजासहजी सोडणार नाही. या गावचा यंत्रमाग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांवर चालतो. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून पोटासाठी आलेला कामगार ज्या खोलीत राहतो, तेथे माणसे इतकी असतात की दिवसपाळीचे लोक उठून गेल्यावर त्यांच्याच पथारीवर रातपाळीचे लोक अंग टाकतात. जेवण भिस्सीत, म्हणजे महिन्याच्या बोलीवर चालणाऱ्या खाणावळीत. तेथे जेवण आटोपताच मागच्याला जागा करून द्यावी लागते. कारखान्यात मागांच्या खडखडाटापुढे शेजारी उभ्या असलेल्या माणसाचाही शब्द कानी पडत नाही. ज्याला खोलीत बसता येत नाही, भिस्सीत थांबता येत नाही आणि कामावर बोलता येत नाही, त्याने बसावे तरी कोठे?

शांतीनगरच्या बाजूस असाच एक बोळ आहे. मी तेथे गेलो तेव्हा सकाळचे आठ वाजत आले होते आणि पाळी नुकतीच बदलली होती. खिडक्यांच्या गजांवर आणि विजेच्या तारांवर कापसाचे तूस साचून त्यांना करडी लव फुटल्यासारखे दिसत होते. एक मध्यमवयीन विणकर गटारावर आडव्या टाकलेल्या फळीवर बसून मोबाईलवरून गावाकडे बोलत होता. त्याच्या पापण्यांवरही तूस होते. हातगाडी आली की तो उठे, फळी उचलून भिंतीशी उभी करी, गाडी गेली की फळी पुन्हा टाकी आणि तुटलेले बोलणे पुढे चालू करी. माझ्यादेखत तो तीन वेळा उठला. रात्रभर मागापाशी उभे राहून आलेल्या या माणसास रिकामटेकडा म्हणणे हा ज्या कष्टांवर या शहराची श्रीमंती उभी आहे, त्या कष्टांचा अपमान आहे, आणि तो करणाऱ्या गृहस्थांनी या मागांवरचे कापड स्वतःच्या अंगावर घालताना विचार करावयास हवा होता.

आता तंट्याविषयी. 1970 आणि 1984 च्या हिंदू-मुस्लिम दंगलींचा धाक प्रत्येक नव्या गोष्टीस दाखविण्याची येथे जुनी रीत आहे. वाचनालय नको, व्यायामशाळा नको, रात्रशाळा नको, कारण लोक जमतील. हा युक्तिवाद मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. मात्र 1984 नंतरचा इतिहास हे लोक सांगत नाहीत. त्या दशकाच्या अखेरीस येथे पोलिसांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. दोन्ही समाजांतील साधी माणसे आपापल्या वस्तीत नियमाने एकत्र बसू लागली, एकमेकांस नावाने ओळखू लागली, आणि डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली असता तिच्या इतक्या जवळची भिवंडी शांत राहिली. ज्यांनी शेजाऱ्याचे तोंड कधी पाहिले नाही, त्यांच्यात अफवा चटकन शिरते, हा आमचा अनुभव आहे.

मग करावयाचे काय? फार थोडे. पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने 1914 पासून हिंदुस्थानातील शहरे फिरून हेच सांगितले की जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा वस्ती राखावी, जीर्ण तेवढे काढावे आणि मोकळ्या झालेल्या तुकड्यावर झाड लावावे. माटुंग्यास उड्डाणपुलाखालची बेवारस जागा तेथील रहिवाशांनी चिकाटीने लावून धरली आणि 2016 साली तेथे नानालाल मेहता उद्यान खुले झाले. आम्हास उद्यानही नको. गटारावर फरश्या, एक दिवा, भिंतीलगत हातभर रुंदीचा ओटा, पिण्याच्या पाण्याचा एक नळ, आणि या सर्वांची देखरेख बोळातीलच पाच माणसांकडे, ज्यांत दोन स्त्रिया असाव्यात. भिस्सी चालविणाऱ्या बायांना बोळाचे सुखदुःख सर्वांहून अधिक ठाऊक असते.

भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेस आणि त्या दिवशी टाळ्या वाजविणाऱ्या सभासदांसही माझी विनंती आहे की, येत्या पावसाळ्यापूर्वी त्या एका बोळाचे तरी काम हाती घ्यावे, आणि तत्पूर्वी एकदा सकाळी आठ वाजता स्वतः तेथे जाऊन उभे राहावे.