तागाचा हिशेब

मृग जवळ आला म्हणजे वडिलोपार्जित शेत असलेल्या घरांतून आम्हांस पत्रें येऊं लागतात. यंदाच्या पत्रांतील एक प्रश्न असा कीं, शेतांत ताग पेरून गाडल्यास जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो म्हणतात. तर एक वर्ष तसें करून जमीन सुधारून घ्यावी काय? प्रश्न सरळ आहे. त्यांतील ‘एक वर्ष’ हे दोन शब्द मात्र आम्हांस खटकले.

हिरवळीच्या खताची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. झाडें लावण्यापूर्वीं जमिनींत तीळ पेरावे व ते फुलावर आले म्हणजे तेथेंच मोडून मिसळावे, हें भूमीचें पहिलें कर्म म्हणून त्यांत सांगितलें आहे. सहाव्या शतकांतील त्या ज्योतिर्विदानें फुलाचा मुहूर्त अचूक साधला; कारण फुलोऱ्यानंतर काडी निबर होते व लवकर कुजत नाहीं. परंतु तीळ हें शेंगवर्गांतील पीक नव्हे. त्यानें पाला मिळतो, हवेंतील नत्र मिळत नाहीं. ताग, धैंचा, मूग, चवळी यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेंतील नत्र पकडून झाडास देतात, ही गोष्ट जर्मनींत हेलरीगेल व विल्फार्थ यांनीं १८८६ ते १८८८ च्या दरम्यान सिद्ध केली. ज्यांस ती डोळ्यांनीं पाहावयाची असेल त्यांनीं तागाचें रोप हलकेंच उपटून मुळावरची गाठ नखानें फोडावी. आंत तांबूस गुलाबी रंग दिसला तर काम चालू आहे असें समजावें. घरांतील मुलांस सुटींत दाखविण्याजोगा हा प्रयोग आहे.

नत्राचा लाभ पुढच्याच पिकास मिळतो. कर्बाची गोष्ट निराळी, आणि तेथें थोडें अंकगणित केल्यावांचून गत्यंतर नाहीं. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच थरांतील मातीचें वजन सुमारें ९ लाख किलो भरतें. ज्या जमिनींत कर्ब ०.५ टक्क्यांहून कमी, ती माती-परीक्षणांत हलकी ठरते. तो ०.४ वरून ०.५ वर न्यावयाचा तर ९०० किलो कर्ब मातींत टिकून राहिला पाहिजे. आतां तागाचें पीक उत्तम आलें तर एकरीं ८ टन हिरवा पाला धरूं. त्यांत ८० टक्के पाणी. उरलेल्या १,६०० किलो शुष्क भागांत ४० टक्के कर्ब धरल्यास ६४० किलो झाला. पण आपल्या उष्ण हवेंत कोवळा पाला झपाट्यानें कुजतो व त्याचा बहुतेक कर्ब वर्षभरांत वायुरूपानें निघून जातो. ढोबळ मानानें सहावा हिस्सा मागें राहिला असें मानलें तर शिल्लक शंभर किलोंच्या आसपास! म्हणजे हा एक टप्पा चढण्यास आठ-नऊ वर्षें. मुळांचा कर्ब अधिक टिकतो. तो या हिशेबांत धरलेला नाहीं, त्यामुळें एखाद-दुसरें वर्ष वांचेल. उलट नांगरट बेसुमार झाली तर तेंही वांचणार नाहीं. आणि उसाचें पाचट पेटवून देणाऱ्यानें तर तागाचें पुण्य सांगूंच नये.

आतां मूळ दुखण्याकडे येतों. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचें आज कोणी शेत कसत नाहीं. एक भाऊ पुण्यास, दुसरा परदेशीं. शेत खंडानें किंवा अर्धेलीनें दिलेलें, तेंही एकेका वर्षाच्या बोलीवर. पुढच्या मृगास हेंच शेत आपल्या हातीं राहील कीं नाहीं याची ज्यास शाश्वती नाहीं, त्यानें हातचें पीक सोडून ताग कां गाडावा? त्यास लोभी म्हणणें अन्यायाचें आहे. भाऊबंदांत पाळीनें शेत फिरतें तेथेंही हेंच घडतें. जो तो आपल्या पाळींत काढून घेतो. भर घालण्याची पाळी कोणाचीच नसते.

आमचें मत स्पष्ट आहे. तागाचें बीं मालकानें द्यावें, त्या हंगामाचा खंड सोडावा, आणि कसणारा निदान पांच वर्षें बदलूं नये. ही बोली कागदावर कशी आणावी हें १९४८ च्या कूळकायद्यामुळें जाणत्या वकिलास विचारूनच ठरवावें. पण त्या कायद्याच्या धास्तीनें दरसाल नवा माणूस शोधीत बसणें जमिनीस फार महाग पडतें.

हंगाम नेहमींच बुडतो असेंही नाहीं. पूर्वहंगामी उसाच्या शेतांत ताग जूनमध्यें पेरून ऑगस्टमध्यें गाडतां येतो. जेथें ऊस नाहीं तेथें मुगाच्या शेंगा तोडून घेऊन पाला गाडावा. जमिनीस थोडें कमी मिळतें, पण घरांतही कांहीं येतें. बांधावर गिरिपुष्प लावल्यास तेवढीही जागा अडत नाहीं. खारवट व पाणथळ जमिनींत तागाऐवजीं धैंचा घ्यावा.

तागाचें बीं एकरीं २० ते २५ किलो दाट पेरावें आणि पंचेचाळीस-पन्नास दिवसांनीं, फुलें दिसूं लागतांच, गाडावें. त्या वेळीं जमिनींत ओल हवी. पावसानें ताण दिला असल्यास आधीं पाणी द्यावें, व पुढील लागवडीपूर्वीं दोन-तीन आठवडे तरी जाऊं द्यावे.