एक ‘च’ सोडता येईल का?



दशलक्षण पर्व संपले की क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्याच फोन घेऊन बसतो. पूर्वी पोस्टकार्डे लिहायचो, आता एकच मजकूर शंभर जणांना जातो. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी आमचे धाकटे दीर घरी आले होते. चहा होईपर्यंत त्यांनी माझ्यासमोरच सगळ्या ओळखीच्यांना ‘उत्तम क्षमा’ पाठवून टाकली. व्यापारी, जुने शिक्षक, नागपूरचे व्याही, कुणी म्हणून सुटले नाही. मी सहज विचारले, “भाऊजी, पोराला पाठवली का?” ते म्हणाले, “वहिनी, त्याचं नाव काढू नका. त्यानंच आधी माफी मागितली पाहिजे.”

पोरगा म्हणजे त्यांचा स्वतःचा मुलगा. शेत त्याच तालुक्यात, घर हाकेच्या अंतरावर, पण बोलणे बंद. जमिनीचा वाद नाही, पैशाचा नाही, सुनेचाही नाही. १९ एप्रिल २०२४ ला आपल्या भंडारा-गोंदियात लोकसभेचे मतदान झाले. त्याआधीच्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप गटावर बापाने एका पक्षाची चित्रफीत टाकली, मुलाने त्यावर दुसऱ्या पक्षाची टाकली. बाप म्हणाला, “तुम्ही लोक देश बुडवणार.” मुलगा म्हणाला, “तुमच्यासारख्यांनी डोळे मिटलेत म्हणून ही वेळ आली.” बाप गटातून बाहेर पडला. निवडणूक झाली, निकाल लागला, खासदार दिल्लीला गेले. आमच्या घरातला निकाल मात्र लागलेला नव्हता.

असे घर फक्त आमचेच असते तर हे मी लिहिले नसते. मंदिरात, भिशीत, लग्नाच्या मांडवात मला अशी चार-पाच घरे तरी ठाऊक आहेत. दोन्ही बाजूंची तक्रारही एकच असते, “आम्ही समजूतदार आहोत हो, पण समोरचेच टोकाचे आहेत.” दोघेही समजूतदार असतील तर मग टोकाला गेले कोण?

ज्यांच्यासाठी आपण घरे तोडतो त्यांच्याकडे एकदा नीट बघू या. २४ ऑक्टोबर २०१९ ला विधानसभेचा निकाल लागला. भाजपला १०५ आणि शिवसेनेला ५६ जागा मिळाल्या. २८८ च्या सभागृहात दोघांचे मिळून स्पष्ट बहुमत होते आणि लोकांनी मते दिली होती ती युती म्हणून. तरी मुख्यमंत्रिपदावर अडले. कुणी एक पाऊल मागे घेईना. त्याच दिवसांत अवकाळी पावसाने राज्यात अनेक भागांत कापणीला आलेली, कापून ठेवलेली पिके भिजत होती आणि राज्याला नवे सरकार नव्हते. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली, २३ ला पहाटेचा तो शपथविधी झाला, तीन दिवसांत ते सरकार गेले आणि २८ ला तिसरेच सरकार आले. पुढे जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. प्रत्येक वेळी प्रत्येकाने सांगितले, शब्द दुसऱ्याने मोडला.

आता आपल्याच जिल्ह्याची गोष्ट. मे २०२२ मध्ये मुंबईत काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकाच सरकारात शेजारी बसत होते. त्याच महिन्यात गोंदिया जिल्हा परिषदेत राष्ट्रवादीने भाजपशी हात मिळवला, आणि आपल्या भंडारा जिल्हा परिषदेत काँग्रेसने भाजपमधून फुटलेल्या गटाला सोबत घेऊन सत्ता मिळवली. मग दोन्ही पक्षांनी एकमेकांवर पाठीत खंजीर खुपसल्याचा आरोप केला.

तेव्हा नेत्यांना तडजोड जमत नाही हे काही खरे नाही. खुर्चीसाठी ती एका रात्रीत जमते. जमत नाही ती कामासाठी. आपल्या पवनी तालुक्यातला गोसीखुर्द प्रकल्प बघा. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन आले होते. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. पस्तीस वर्षे उलटून गेली, या काळात जवळजवळ प्रत्येक मोठा पक्ष मुंबईत आणि दिल्लीत सत्तेवर बसून गेला. कालव्याचे पाणी आणि पुनर्वसन हे विषय मात्र प्रत्येक निवडणुकीत नव्याने निघतात, आणि प्रत्येक जण सांगतो की अडवले ते मागच्यांनी.

९ जानेवारी २०२१ ची पहाट तर आपण कुणीच विसरू शकत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. ज्यांना अजून नावेही मिळाली नव्हती अशी लेकरे. त्या दिवशी अख्खा भंडारा सुन्न होता. पण गल्लीतल्या कट्ट्यावर आणि मोबाईलवर संध्याकाळपर्यंत वाद सुरू झाला, हे पाप कुणाच्या काळातले? जबाबदारी ठरवायलाच हवी, त्यात शंका नाही. पण जबाबदारी ठरवणे वेगळे आणि दुसऱ्याच्या अंगावर ढकलून आपण हात झटकणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात त्या आयांचे कुणाला काहीच पडलेले नसते.

मी कॉमर्स शिकले, पुढे दुकानाच्या वह्या बरीच वर्षे सांभाळल्या. दोन व्यापाऱ्यांचे खाते बिघडले की दोघांच्याही वहीत समोरच्याकडूनच येणे दिसते. खोटे दोघेही लिहीत नाहीत. झालेले असते एवढेच, की आपण दिलेला माल प्रत्येकाने लिहिलेला असतो आणि आपल्याकडे आलेला माल लिहायचा राहिलेला असतो. मग दोघांनी वह्या शेजारी ठेवून बसावे लागते. राजकारणात आणि घरातही आपले तेच होते. समोरच्याचा प्रत्येक वाईट शब्द आपल्याला तारखेसह पाठ असतो, आपला स्वतःचा मात्र वहीतच नसतो.

नेत्यांना बोल लावणे सोपे आहे. पण अनेकांत सांगणारा आपला समाज तरी काय करतो? वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिले आहेत. दिगंबर आणि श्वेतांबर दोघांचेही ते श्रद्धास्थान. १९०५ मध्ये दोन्ही पंथांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या. म्हणजे तडजोड झाली होती, आपल्याच पणजोबांनी केली होती. ती टिकली नाही. प्रकरण कोर्टात गेले, अकोल्याहून नागपूर, नागपूरहून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत. १९२९ मध्ये तिथला निकाल आला, तरी भांडण मिटले नाही. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दार उघडले, आणि उघडल्यावर काही दिवसांतच तिथे दोन्ही बाजूंच्या लोकांत मारामारी झाली.

बेचाळीस वर्षे! मी तिथे गेले तेव्हा झरोक्यातून दर्शन घेतले होते. माझ्या शेजारी एक श्वेतांबर आजी उभ्या होत्या. त्यांनाही तेवढेच दिसत होते जेवढे मला. मी दिगंबर घरातली, म्हणून आमच्या बाजूचे म्हणणे मला लहानपणापासून पाठ आहे, आणि ते मला पटतेही. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटले, की त्या आजींनाही त्यांच्या बाजूचे असेच पाठ असणार. ज्या भगवंतांनी राग आणि द्वेष जिंकायला सांगितले, त्यांच्याच दारात आपण राग आणि द्वेषाचे कुलूप लावले. किल्ली कुणाची, यावर मात्र दोन्हीकडचे वकील पिढ्यान् पिढ्या लढले.

पाठशाळेत आपल्याला शिकवतात, एकांत म्हणजे ‘च’ आणि अनेकांत म्हणजे ‘ही’. “मीच बरोबर” हा एकांत, “मीही बरोबर असेन, तूही असशील” हा अनेकांत. धानाचा भाव वाढला की शेतकऱ्याच्या घरी समाधान असते आणि तांदूळ विकत घेणाऱ्या बाईच्या घरी चिंता. भाव वाढणे चांगले की वाईट? दोघींचे उत्तर आपापल्या अपेक्षेने खरे आहे. त्यात ‘च’ लागला की दोघींचेही खोटे होते. स्यात् या शब्दाचा अर्थ ‘कदाचित’ असा नाही, ‘एका अपेक्षेने’ असा आहे. म्हणजे अनेकांत हे गुळमुळीत बोलणे नव्हे. आपण कुठे उभे राहून बघतोय ते आधी सांगणे, हा त्यातला प्रामाणिकपणा आहे.

इथे माझा पुतण्या मला अडवतो. तो म्हणतो, “मोठी आई, म्हणजे सगळेच बरोबर का? उघड खोटं बोलणाऱ्यालाही बरोबर म्हणायचं?” प्रश्न रास्त आहे. आणि आपल्या शास्त्राने याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. मिथ्यात्वाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यात एकांत आहे तसाच वैनयिकही आहे. एकाच बाजूला चिकटून बसणे जसे मिथ्यात्व, तसेच विचार न करता सगळ्यांना सारखेच मानणे हेही मिथ्यात्वच. खोट्याला खोटे म्हणायचे. हिंसेला हिंसा म्हणायचे. एखाद्या जातीला, धर्माला संपवा म्हणणाऱ्याशी मध्यावर भेट होऊ शकत नाही. पण रस्ता कुठून जावा, पैसा कशावर खर्च व्हावा, कुणाला किती मदत मिळावी, हे बहुतेक वाद खऱ्याखोट्याचे नसतातच. ते आधी काय आणि नंतर काय, याचे असतात. तिथे तडजोड करणे म्हणजे धर्म सोडणे नाही.

आणखी एक बोलायचे आहे. तडजोड हा शब्द ऐकला की आपल्या अंगावर काटा येतो, कारण आयुष्यभर तो आपल्यालाच ऐकवला गेला. “जमवून घे गं.” सासूबरोबर जमवून घे, नोकरी सोड, माहेरी कमी जा. एकाच बाजूने नेहमी वाकायचे, ही तडजोड नव्हे, ती शरणागती आहे. खऱ्या तडजोडीत दोघांचेही थोडे जाते आणि दोघांनाही ते माहीत असते. म्हणून राजकारणात असो वा घरात, तडजोड कर असे दुर्बळालाच सांगणाऱ्यापासून सावध राहावे. ज्याच्या हातात जास्त आहे, त्याने पहिले पाऊल टाकायचे.

आमच्या घरात जास्त कुणाच्या हातात होते? बापाच्या. आणि खरे सांगायचे तर थोडे माझ्याही. कारण त्या एप्रिलमध्ये गटावर भांडण पेटले तेव्हा मी एकाच्या संदेशावर अंगठा दाखवला होता. कुणाच्या ते सांगत नाही. मोठी म्हणून मी दोघांना थांबवायला हवे होते, मी टाळी वाजवली. रोज संध्याकाळी प्रतिक्रमण करताना इतक्या जीवांची क्षमा मागितली, पण तो अंगठा मला दोष म्हणून आठवलाच नव्हता. भाऊजींचा चहा थंड होईपर्यंत तो मला टोचत राहिला.

मी त्यांना तेच सांगितले. म्हटले, “भाऊजी, मी तुम्हा दोघांत बाजू घेतली, माझं चुकलं. आज मी पोराकडे जातेय, त्याचीही क्षमा मागायला. तुम्ही यायचं तर या.” ते आले नाहीत. मी एकटी गेले. पुतण्या ऐकून गप्प बसला, मग म्हणाला, “बाबांना सांग, बांधावरची मोटार बिघडली आहे, त्यांच्या ओळखीचा मेकॅनिक पाठवा.” दुसऱ्या दिवशी मेकॅनिकसोबत भाऊजी स्वतः शेतावर गेले. राजकारणावर ते आजही एकमत नाहीत, होणारही नाहीत. दिवाळीला मात्र फराळ एका ताटात झाला. आणि एक नियम दोघांनी मान्य केला आहे, एखादी बातमी पाठवायची तर त्याच विषयावर दुसऱ्या बाजूचे काय म्हणणे आहे, ते आधी स्वतः वाचायचे. या नियमामुळे बातम्याच कमी येतात, हा वेगळा फायदा!

मैत्रिणींनो, मुंबई-दिल्लीच्या खुर्च्या आपल्या हातात नाहीत. पण मत मागायला कुणी दारात आला, तर एवढे विचारणे आपल्या हातात आहे, “तुम्ही विरोधकाबरोबर बसून कोणतं काम पुरं केलं, ते एक सांगा.” आणि येत्या क्षमावाणीला यादीतल्या शंभर जणांच्या आधी, ज्या एका नावावर बोट अडखळते, त्याला फोन करणेही आपल्या हातात आहे. संदेश नको, फोनच करा. आधी आपल्या वहीत राहून गेलेली नोंद सांगा, त्याची नंतर ऐका.

माझ्या लिहिण्यात कुणाचे मन दुखावले असेल तर उत्तम क्षमा.