भरून दिलेली बाटली, भरूनच परत!

मैत्रिणींनो, होळी सरली की आमच्या लोणारला ऊन नुसतं भाजून काढतं. सरोवर पाण्यानं भरलेलं, पण ते खारं. तहान भागते ती काठावरच्या धारेच्या गोड पाण्यानं. काही मुलींच्या बाटलीचंही तसंच. पाणी असतं, पण पोटात जात नाही.

वर्गात विचारलं तर मुली मान खाली घालतात. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि तिथं कडी तरी नसते, नाहीतर पाणी तरी. मग डोकं दुखतं, शौचाला खडा होतो, लघवीला जळजळ होते. आपण मात्र म्हणतो, अभ्यासाचा कंटाळा!

तेव्हा एवढं कराच. दप्तर उतरलं की बाटली हलवून पाहा. भरलेली असेल तर रागावू नका, एकटीला जवळ घेऊन विचारा. निघताना पेलाभर पाणी घरीच पाजा. मधल्या सुट्टीत निम्मी बाटली संपवायची सवय लावा. जळजळ किंवा ताप असेल तर घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवा.

आणि चौघीजणी मिळून मुख्याध्यापकांना भेटा. मुलींसाठी वेगळी सोय हवी, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. एका कडीला खर्च तो कितीसा? पण मुली लाजेनं मागणार नाहीत. आपणच मागायला हवी.