पात्रनिवड आणि फुटता आवाज

हौशी मंडळे मुलांचे संगीत नाटक बसवितात, ही आनंदाची गोष्ट आहे. १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. तेव्हा येथे ही परंपरा चालावी हे उचितच होय. परंतु पात्रनिवडीच्या रीतीविषयी आम्हांस थोडे सांगावयाचे आहे.

कित्येकदा पेटीवर एकच पट्टी धरून सर्वांकडून पद म्हणवून घेतात. काळी पाचमध्ये सहज गाणारी मुलगी आणि आवाज फुटत असलेला चौदा वर्षांचा मुलगा यांची तुलना अशाने कशी व्हावी? त्या वयात मुलाचे स्वरयंत्र वाढते, कंठ घोगरा होतो आणि काही काळाने पुन्हा स्थिरावतो. हा निसर्गक्रम आहे, अपात्रता नव्हे. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले, तेव्हा सतरा वर्षांचे होते. चौदाव्या वर्षीचा निकाल अखेरचा मानू नये.

यास्तव ज्याला त्याला त्याची पट्टी द्यावी. पद व संवाद आठवडाभर आधी कळवावेत. संगीत नाटक गद्यावरही उभे असते, म्हणून स्पष्ट उच्चारांसही गुण असावेत. निवड न झालेल्यास कारण सांगावे आणि साथसंगतीचे वा पडद्यामागचे काम द्यावे.

नाटक तीन तासांत संपते. ‘तुला गाता येत नाही’ हे शब्द मात्र जन्मभर कानांत राहतात. ते उच्चारण्यापूर्वी परीक्षकांनी क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती.